१४९ कवट्यांची गोष्ट

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच व्हर्नियर कॅलिपर हातात धरला आहे. जॉबचा व्यास मोजायचा, झिरो एरर वजा करायची, जर्नल लिहायचं आणि सरांची सही मिळाली की सुटलो बुवा म्हणायचं. १९२८ सालच्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये एक मराठी मुलगी असंच मापाचं हत्यार घेऊन टेबलाशी बसली होती. वय तेवीसच्या आसपास, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या ताईंएवढं. फक्त तिच्या पुढ्यात लोखंडाचा जॉब नव्हता, माणसाची कवटी होती. आणि अशा एक-दोन नव्हे, तर तब्बल १४९ कवट्या मोजायच्या होत्या. कशासाठी? तर गोऱ्या युरोपियन माणसाच्या डोक्याची घडणच निराळी असते आणि म्हणून त्याला अक्कलही जास्त असते, हे दाखवण्यासाठी!

त्या मुलीचं नाव इरावती कर्वे. "युगान्त"च्या लेखिका म्हणून त्या आपल्याला माहीत असतात. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे "युगान्त" आधी इंग्रजीतून वाचलं (ते इंग्रजी त्यांनी स्वतःच केलेलं आहे) आणि मग उदगीरच्या रूमपार्टनरने मराठी प्रत आणून अक्षरशः उशाशी ठेवली. पण त्या कवट्यांची गोष्ट आमच्या विंगमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून हा लेख.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात (आजचं म्यानमार) म्यिंग्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडलं, म्हणजे त्याही आपल्यासारख्या हॉस्टेलवाल्याच! पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. त्या घरात पुस्तकं होती, वाद होते आणि मुलीने किती शिकावं याला मर्यादा नव्हती. १९२६ ला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. मग मुंबईला प्रा. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे आपलीच जात.

इथे थोडं थांबून त्या काळचं वारं समजून घ्यायला हवं. रिस्ले नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. १९०१ च्या जनगणनेचा तो प्रमुख. त्याने काय सिद्धांत काढला असेल? तर म्हणे ज्या जातीचं नाक जितकं रुंद, तितकी ती जात समाजात खाली! नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा त्याचा फॉर्म्युलाच होता. आज हसू येतं. पण तेव्हा हे सायन्स म्हणून छापलं जायचं आणि सरकारी कामकाजात त्याला मान होता. पुढे घुर्ये सरांनी तीच मापं पुन्हा तपासली. उत्तर प्रदेशाकडच्या भागात थोडाफार मेळ बसला, बाकी ठिकाणी नाक एकीकडे आणि जातीची उतरंड भलतीकडे! १९३२ च्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आलेलं आहे.

इरावतीबाईंचं लग्न झालं होतं दिनकर कर्व्यांशी. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. स्वतः केमिस्ट्रीचे प्राध्यापक आणि जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करावी अशी त्यांची इच्छा. आता गंमत पाहा. ज्यांनी आयुष्य स्त्रीशिक्षणात घातलं, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, त्या सासऱ्यांचाच या जाण्याला विरोध होता. सुधारकाच्या घरी सगळं सोपं असणार, असं आपण धरून चालतो ना? दिनकररावांनी मात्र डॉ. जीवराज मेहतांकडून (हेच पुढे १९६० ला गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले) कर्ज काढलं आणि बायकोला बोटीवर बसवून दिलं.

बर्लिनची ती संस्था नुकतीच, म्हणजे १९२७ ला सुरू झालेली. कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट. मानवशास्त्र, माणसाची आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तिचे तीन विषय. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत (आजचा नामिबिया) १९०८ साली जाऊन त्यांनी मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास केला होता आणि अशी मिश्र लग्नं बंद व्हावीत असा निष्कर्ष काढला होता. एवढे मोठे गाइड! त्यांनी या नव्या विद्यार्थिनीला विषय दिला तो कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. फिशर यांचा अंदाज असा, की युरोपियनांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, तो तर्कबुद्धीशी जोडलेला असतो, म्हणून त्यांची कवटी त्या बाजूला जास्त फुगीर असणार. बाकीच्या वंशांत असं दिसणार नाही.

म्हणजे उत्तर आधीच तयार होतं, रीडिंग तेवढी भरायची होती. (हा प्रकार आपल्याकडे जर्नल लिहिताना कुणाला नवीन आहे?)

इरावतीबाईंनी रीडिंग प्रामाणिकपणे घेतली. मध्यरेषा ठरवायची, डावीकडून माप, उजवीकडून माप, वजाबाकी. एकामागून एक १४९ कवट्या. काही युरोपातल्या, तर काही जर्मन वसाहतींमधून, आफ्रिकेतून आणलेल्या. या दुसऱ्या कवट्या तिथे कशा पोचल्या तो इतिहास वाचवत नाही. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सैन्याने नैर्ऋत्य आफ्रिकेत हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली, आणि मेलेल्यांची डोकी संशोधनासाठी बर्लिनला पाठवली गेली. त्या काळात जमवलेल्या अवशेषांपैकी काही जर्मनीने २०११ पासून नामिबियाला परत करायला सुरुवात केली.

रिझल्ट काय आला? माणसाची कवटी वाकडी असते. सगळ्यांचीच थोडीफार असते. पण कोणती बाजू मोठी आणि किती मोठी, याचा वंशाशी काही संबंध लागत नाही. गोऱ्यांची अशी आणि काळ्यांची तशी, असली विभागणी आकड्यांत दिसतच नाही. इरावतीबाईंनी प्रबंधात तसंच लिहिलं. कुठे? तर फिशर यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये, त्यांच्याच हाताखाली! परदेश, कर्जाचे पैसे, भाषा नवी, डिग्री गाइडच्या हातात. अशा वेळी गाइडची थिअरी चुकीची आहे असं लिहून देणं म्हणजे काय ते प्रोजेक्ट गाइडपुढे मान हलवणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. डॉक्टरेट मिळाली, पण श्रेणी काही भारी मिळाली नाही. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोठी. "युगान्त"पेक्षाही.

कारण पुढे काय झालं ते बघा. १९३३ ला हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी सक्तीच्या नसबंदीचा कायदाही आला आणि त्याखाली सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. फिशर यांच्यानंतर १९४२ ला त्या संस्थेच्या खुर्चीवर फेर्शुअर बसले. त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून मेलेल्यांचे अवयव याच इन्स्टिट्यूटला पाठवत असे. बारा-चौदा वर्षांपूर्वी ज्या इमारतीत आपल्या पुण्याच्या मुलीने वंशाचा आणि कवटीच्या घडणीचा संबंध नाही असं लिहून दिलं होतं, तीच ही इमारत. कागद त्यांच्याच कपाटात पडून होता. पण लोकांना जे मानायचंच आहे, त्यापुढे कागदाचं काय चालणार!

असो. इरावतीबाई पुण्याला परत आल्या. काही वर्षं महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. तिथे कारकुनीत त्यांचं मन लागलं नसणार हे उघड आहे. १९३९ ला डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि त्या तिथे गेल्या त्या शेवटपर्यंत. मग सुरू झाली भटकंती. एस.टी., ट्रक, बैलगाडी, पायी. महाराष्ट्र, ओरिसा, बिहार, कूर्ग, मलबार. कुठे शाळेच्या वर्गात झोपायचं तर कुठे जंगल खात्याच्या बंगल्यात. दिवसभर माणसांची उंची, डोकं, नाक मोजायचं, नातीगोती विचारायची आणि रात्री वह्या भरायच्या.

१९५१ ला "मराठी लोकांची संस्कृती" आलं. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांचं पुस्तक आलं, ते वि. म. दांडेकर यांच्यासोबत. स्टॅटिस्टिक्सची बाजू दांडेकरांची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मोजणीतून इरावतीबाईंना जे दिसलं ते आपल्या घुर्ये सरांनाही न पटणारं होतं. एकच समाज होता आणि त्याचे तुकडे पडून जाती झाल्या, असं सर मानत. बाईंचं म्हणणं उलटं. वेगवेगळ्या ठिकाणचे वेगवेगळे गट शेजारी शेजारी आले आणि एका नावाखाली मोडायला लागले. त्यांनी कुंभारांचं उदाहरण घेतलं आहे. आपल्याला वाटतं कुंभार म्हणजे कुंभार. पण थोरचाके कुंभार वेगळे आणि लहानचाके वेगळे. एकाचं चाक मोठं, दुसऱ्याचं लहान, भांडी घडवायची पद्धत निराळी आणि आपसात सोयरीक नाही! मेकॅनिकलवाल्यांनी हे मुद्दाम वाचावं, चाकाच्या व्यासावरून जात ठरते आहे. १९६८ ला त्यांनी आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे आठ गट मोजून तुलना केली. समाजात सगळ्यांचा दर्जा एक, बाहेरून नावही एक. पण शरीराच्या मापांत हे गट एकमेकांपासून चांगलेच वेगळे निघाले. म्हणजे जी लेबलं लावून आपण माणसं ओळखतो असं समजतो, ती लेबलंच मुळात पोत्यावर छापलेल्या नावासारखी. आत चार शेतांचा माल.

आता मुद्द्याची गोष्ट. मग लोकांबद्दलचे सगळे समज खोटेच असतात का?

हा प्रश्न आमच्या मेसमध्ये जोरात रंगला होता. इंग्रजीत याला स्टिरिओटाइप म्हणतात. हा शब्द मूळचा छापखान्यातला. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यात धातू ओतायचा आणि एकसंध पत्रा काढायचा, मग तोच मजकूर हजार वेळा छापता येतो. लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ ला हा शब्द माणसांबद्दलच्या ठरीव कल्पनांना लावला. आणि आपल्या हॉस्टेलात तर कास्टिंग शॉप चोवीस तास चालू! लातूरचा म्हणजे घोकणारा. नांदेडचा म्हणजे भांडकुदळ. पुण्याचा म्हणजे शिष्ट. परभणीचं पोरगं कामून उशिरा येतं, तर ते परभणीचं म्हणून. कॉन्व्हेंटवाली म्हणजे मराठीत ढ. (शेवटच्यात थोडं तथ्य आहे. कॉन्व्हेंटच्या चार मुलींना उभं करून एकोणसत्तर आणि एकोणऐंशी लिहायला सांगा, मजा बघा.)

तेव्हा काही समज सरासरीला खरे ठरतात, हे मान्यच करावं लागतं. ली जसिम नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तर म्हणतात, की लोकांचे समज जितके खोटे समजले जातात तितके नसतात, पुष्कळदा खऱ्या सरासरीच्या जवळ जातात. आता लातूर पॅटर्नच घ्या. नव्वदच्या दशकात बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये लातूरची नावं ओळीने येत, ही काही अफवा नव्हती. पण त्यावरून लातूरहून आलेला प्रत्येकजण पाठांतरवालाच, हे कुठून आलं? एम-थ्रीमधला तो घंटेसारखा कर्व्ह आठवा. दोन गटांच्या सरासरीत फरक असला तरी दोन्ही घंटा एकमेकींवर इतक्या चढलेल्या असतात, की समोर उभ्या असलेल्या एका मुलाबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही. मीन पाहून एका जॉबचा व्यास कुणी लिहितं का? लिहिला तर सर सही देतील का? १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून जगभरच्या लोकांचा हिशोब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आतले निघाले. इरावतीबाई तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी बर्लिनला एक कार्ड टाकलं असतं!

आणि सरासरी खरी असली तरी ती तशी का, हा प्रश्न उरतोच. इथे दांडेकर पुन्हा येतात. मराठवाडा मागास, इथली माणसं आळशी, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो आहोत. आमच्या एका सीनियर ताईंना पुण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यूला पत्त्यातलं नांदेड वाचून पहिला प्रश्न इंग्लिश जमेल का, असा आला होता. ताईंना जीआरईमध्ये आमच्या कॉलेजात सर्वांत जास्त स्कोअर होता. तर १९८३ ला सरकारने याच वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि राज्याच्या कोणत्या भागात काय कमी आहे ते मोजायला सांगितलं. १९८४ च्या अहवालात सगळ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये निघाला, त्यात मराठवाड्याचा ७५० कोटींच्या आसपास. तो कशाकशातला होता? सिंचन, रस्ते, कृषिपंपांची वीज, शाळा, दवाखाने. ज्या माणसाने तरुणपणी माणसांच्या डोक्यांच्या मापांचा हिशोब केला, त्याने उतारवयात मराठवाड्याचा हिशोब केला आणि कमतरता सापडली ती कालव्यांत आणि खांबांवरच्या तारांत.

इरावतीबाई स्वतः तर कुठल्याच साच्यात बसत नाहीत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक. कुंकू-मंगळसूत्र नाही. नवऱ्याला दिनू म्हणायच्या, आणि पोरंसुद्धा आईला इरू म्हणायची. (लेखिका गौरी देशपांडे या त्यांच्याच कन्या.) म्हणजे एकदम मॉडर्न, देवधर्म न मानणाऱ्या, असं ठरवाल तर फसाल. या बाई पंढरपूरच्या वारीला पायी जात आणि विठोबाला आपला बॉयफ्रेंड म्हणत! दिंडीतही त्यांचं निरीक्षण चालू असे. एकाच दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका वेगळा स्वयंपाक करून वेगळ्या जेवतात, याचं त्यांना रोज वाईट वाटे. त्या दोन्हीकडे जेवल्या. मराठा बायकांत बसून जेवल्यावर त्या बायका जास्त मोकळेपणाने बोलायला लागल्या, असं त्यांनी नमूद केलं आहे.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. वंशाची थिअरी बर्लिनमध्ये खोडली, पण डोकी मोजणं त्यांनी सोडलं नाही. वंश हा शब्द आणि त्यामागची वर्गवारी त्या शेवटपर्यंत वापरत राहिल्या. मुसलमानांविषयी त्यांनी जे लिहिलं त्यात तोच साचा डोकावतो, अशी टीका आजचे अभ्यासक करतात आणि ती मला योग्य वाटते. दुसऱ्याचा साचा मोडलेल्या माणसाकडेही स्वतःचे दोन-चार शिल्लक असतातच.

सिव्हिलवाल्यांसाठी एक गोष्ट. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचं त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्याबरोबर सर्वेक्षण केलं. ते १९६९ ला प्रसिद्ध झालं. धरणग्रस्त हाही एक शिक्काच. त्या शिक्क्याखालची घरं, जमिनी, नाती त्यांनी विचारून विचारून लिहून काढली. त्यानंतर वर्षभरात, ११ ऑगस्ट १९७० रोजी, पुण्यात झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ६४.

बर्लिनमधली ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे फ्री युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवतात. २०१४ मध्ये जवळच खोदकाम चालू असताना जमिनीतून हाडं निघाली. पुढच्या उत्खननात तुकड्यांची संख्या सुमारे १६,००० वर गेली. किमान ५४ माणसांची ही हाडं. कुणी वसाहतींमधून आणलेले, कुणी कदाचित नाझी काळातले. ज्यू, रोमा, आफ्रिकी अशा समाजांच्या प्रतिनिधींपुढे प्रश्न आला, की आणखी तपासण्या करून कोणतं हाड कोणत्या समाजाचं ते ठरवायचं का? तंत्रज्ञान हाताशी होतं. सगळ्यांनी मिळून नको म्हणून सांगितलं. मार्च २०२३ मध्ये ती सगळी हाडं बर्लिनच्या दाहलेम भागातल्या दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.

(तृतीय वर्ष, मुलींचे वसतिगृह)